मालक ड्रिल निवडत होते

वैनींच्या पदराचा तुकडा माझ्या मुठीत राहिला आणि वैनी विहिरीत गेल्या. आधी कप्पी गेली, मग भरलेली कळशी, मग दोरी. दोरीचा एक वेढा मनगटाला होता, म्हणून तिच्यामागून वैनी. मी कठड्यावर ओणवी झाले तर खाली नुसता फेस होता आणि त्यात एक बांगड्यांचा हात.

मी ओरडले. घरातून मालक धावत आले. मालक म्हणजे वैनींचे नवरे, आमचे घरमालक. त्यांच्या हातात ते बिनवायरीचं ड्रिल होतं. पडवीत ते कुठेतरी भोक पाडत होते, तसेच उठून आले. त्यांनी विहिरीत बघितलं नाही. वरच्या आडव्या लाकडाकडे बघितलं आणि मला विचारलं,

"हूक मोडलो काय सुटलो?"

असा माणूस होता. त्यावर मी काय म्हटलं ते सांगेन, पण आधी तो हूक तिथे कसा आला ते सांगायला पाहिजे, नाहीतर एवढा शहाणा माणूस असं विचारतो हे कोणाला खरं वाटणार नाही.

आमच्या ह्यांची बदली मालवणात झाली तेव्हा आम्ही त्यांच्या घराचा मागचा भाग भाड्याने घेतला. दोन खोल्या आणि एक चिंचोळी पडवी, त्यात आम्ही आणि सासूबाई. मालक पोस्टातून तारमास्तर म्हणून निवृत्त झालेले. बुटके, गोरे, घरातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावणारे. जागा दाखवताना त्यांनी भाडं सांगितलं नाही, अट सांगितली. भिंतीक खिळो मारूचो नाय.

आम्ही हो म्हटलं. भाडेकरू कशालाही हो म्हणतात. मला वाटलं, चार दिवसांनी म्हातारा विसरेल. म्हातारा विसरला नाही. त्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वरून चुन्याचा गिलावा. हातोडा मारला की चिरा आतून भुसभुशीत होतो आणि पुढे सगळी भिंत पोकळ होते, असं त्यांचं म्हणणं. गावात सगळ्यांच्या भिंती चिऱ्याच्या होत्या आणि सगळ्यांच्या भिंतींवर कॅलेंडरं होती, एकही घर पडलं नव्हतं. पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

त्यामुळे आमचं सगळं जमिनीवर. देवांच्या तसबिरी पाटावर ओळीने टेकून ठेवलेल्या, जशा काही पंगतीला बसल्यात. आरसा तांदळाच्या पिंपाला टेकलेला. आमचे हे त्याच्यासमोर उकिडवे बसून दाढी करायचे आणि उठताना रोज कंबर धरायचे. मच्छरदाणीची एक दोरी खिडकीच्या गजाला, दुसरी दाराच्या कडीला. रात्री कोणाला बाहेर जायचं झालं की मच्छरदाणी सगळ्यांच्या अंगावर.

मी विचारलं, खिळा नको तर मग करायचं काय. तेव्हा मी पहिल्यांदा ड्रिलचं नाव ऐकलं. ड्रिलने भोक पाडायचं, त्यात लाकडाची गट्टी बसवायची आणि गट्टीत स्क्रू. भिंतीला कळतसुद्धा नाही. मी म्हटलं, मग आणा ड्रिल. ते हसले. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा माणसं हसतात तसे.

"हाडूक काय," म्हणाले, "आधी निवडूक होयां."

घरात आणि रस्त्यावर ते आमच्यासारखंच मालवणी बोलायचे. पण ड्रिलचा विषय निघाला की ऑफिसातलं मराठी सुरू व्हायचं. "सदर यंत्र" म्हणायचे. "सदर यंत्राला वायर असता कामा नये." जन्म तारांत गेला, आता तार नको, हे एक. दुसरं म्हणजे आमच्याकडे वीज असली तर असायची, बॅटरी मात्र भरून ठेवता येते. आणि तिसरं कारण विहीर. ती माडांच्या आगराच्या टोकाला. तिथवर वायर ओढायची तर जोड देत देत न्यावी लागली असती, आणि ओल्या जमिनीवरून जोडाची वायर म्हणजे मरणच. हे तिसरं कारण खरं होतं. मालकांची कारणं खरीच असायची. त्रास तोच होता. खोटं बोलणाऱ्या माणसाला तोंडावर पाडता येतं.

विहिरीचा हूक आम्ही यायच्या आधीच गेला होता. विहिरीच्या दोन बाजूंना चिऱ्याचे खांब, त्यांवर फणसाचं आडवं लाकूड, आणि लाकडात फिरवून बसवलेला लोखंडी हूक, त्याला कप्पी. हूक गंजून पडला तेव्हा वैनींनी काथ्याचं सुंभ घेतलं, लाकडाला वेढे दिले आणि कप्पी बांधून टाकली. सुंभ झिजलं की नवं बांधायचं. त्यासाठी ओल्या कठड्यावर चढून, एका हाताने खांब धरून, खाली पाणी दिसत असताना गाठ मारावी लागायची. पन्नाशीची बाई. दर खेपेला मी खालून त्यांचे पाय धरायची आणि दर खेपेला मालक पडवीतून सांगायचे, सांभाळून गो, आता थोडेच दिस.

वैनी त्यांना एकच गोष्ट मागत होत्या. सुतार बोलवा, हूक बसवा. दागिना नाही, तीर्थयात्रा नाही, हूक. माझ्या डोळ्यांदेखत दोन वेळा त्यांनी स्वतः जाऊन सुताराला आणलं. एकदा मालकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्यांदा तो गिरमीट घेऊन थेट विहिरीपर्यंत गेला, तर मालक धावत मागे. गिरमिटाने लाकूड उभं फाटतं, असं त्यांनी त्याला समजावलं. सुतार म्हणाला, माझा बापूस गिरमीट मारी, माझो आजो गिरमीट मारी. मालक म्हणाले, म्हणूनच सगळ्यांची दारं वाकडी. त्यानंतर सुताराने आमच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत पाऊल टाकायचं बंद केलं. रस्त्याने जाताना मात्र कठड्याकडे बघून विचारायचा, "वैनी, ड्रिलाचा विमान इला काय गो?"

निवड कशी चालायची ते सांगते. आमच्या बाजूला घरटी एक माणूस बोटीवर नाहीतर आखातात. कोणी सुट्टीवर आला की बायको-पोरांना भेटायच्या आत मालक त्याच्या ओट्यावर. तिकडे ड्रिल कसली मिळतात, वजन किती, बॅटरी मुठीत राहते की वेगळी निघते, उलटं फिरतं का, स्क्रू घट्ट बसला की आपसूक थांबतं का. माणूस थकलेला, बॅगा बांधलेल्या, आई डोळे पुसतेय, आणि हे मध्ये बसून विचारतायत दांडा धरणारा चिमटा केवढा उघडतो. पुढे पुढे लोक मालवणच्या स्टँडवर उतरले की आधी मालक दिसतात का बघायचे.

वजन हा त्यांचा मोठा प्रश्न. घरातली कामं बहुतेक डोक्याच्या वर हात करून. मोठं यंत्र जोरदार, पण हात भरून येणार. लहान यंत्र हलकं, पण जीव थोडा. म्हणून त्यांनी माप ठरवलं. असोला नारळ, म्हणजे न सोललेला, हे मोठं ड्रिल. सोललेला नारळ हे लहान. दोन्ही आलटून पालटून डोक्यावर धरून ते दुपारचे अंगणात उभे राहायचे. मग वाटलं, नारळाला मूठ नाही, अंदाज चुकतो. म्हणून माझा वरवंटा नेला. न विचारता. मी मासळी घेऊन बाजारातून आले, वाटप वाटायला बसले तर नुसता पाटा. बाहेर बघते तर मालक वरवंटा भिंतीला टेकवून तोंडाने घुर्रर्र आवाज काढतायत.

मी वरवंटा हातातून काढून घेतला. म्हणाले, थांब, अजून डाव्या हातान बघूचा आसा.

एकदा खरंच ड्रिल आलं होतं. शेजाऱ्यांचा बोटीवरचा झील, म्हणजे मुलगा, मालकांच्या कटकटीला कंटाळून घेऊन आला. मालकांनी ते पडवीत चटईवर ठेवलं आणि दुपारभर त्याच्याभोवती फिरले. लाकडाच्या तुकड्यात एक स्क्रू घातला. सुंदर गेला. आम्हाला वाटलं, सुटलो. वैनी तर हूक शोधायला माळ्यावर चढल्या. मग मालकांनी तो स्क्रू बाहेर काढायला घेतला तर ते उलटं फिरेना.

"नको," म्हणाले. "भितुर जाता, भायर येना. असलो जावंय घरात घेवचो नाय."

वैनी माळ्यावरून म्हणाल्या, "तुमी तरी खंय बसल्यार उठतास?"

ड्रिल परत गेलं. त्या झिलाने ते कुडाळात कोणाला तरी दिलं आणि त्या घरात, ऐकलं, त्याच आठवड्यात सगळी कपाटं ठोकून झाली.

शेवटी दोन उरली. एक नारिंगी, एक हिरवं. नारिंगीची बॅटरी मुठीतच बसवलेली, यंत्र हलकं, पण बॅटरी मेली की यंत्र मेलं. हिरव्याची बॅटरी निघायची, दुसरी घालता यायची, पण ते पोटाकडे जड. दोन्ही उलटी फिरत होती, दोन्ही लहान, दोन्ही घरकामाला पुरेशी. कुठलंही आणलं असतं तरी चाललं असतं. मालकांना झोप येईना. आणि मग ते देवाकडे गेले.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, माणूस हरवला, तर गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ते त्यांच्या मूळ गावी गेले, वालावलच्या पुढे, आणि आम्हालाही नेलं. गुरवाने विषय विचारला. मालकांनी समजावला. गुरवाने पुन्हा विचारला. मग त्याने एक लांब श्वास घेतला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान घरातली कामा करूक बिनवायरीचा यंत्र हाडूचा मनात धरलेला आसा. तर नारिंगी हाडूचा काय हिरवा, तां तूच सांग म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

नारिंगीसाठी विचारलं, डावी पाकळी पडली. हिरव्यासाठी विचारलं, पुन्हा डावी. मालक म्हणाले, प्रश्न उलटा करून विचारा. गुरवाने त्यांच्याकडे असं बघितलं की मी असते तर जमिनीत गेले असते. त्याने उलटा करून विचारला. मग कुठलीच पाकळी पडेना. देवळात माणसं ताटकळली. एकाला म्हशीबद्दल विचारायचं होतं, तो कुरकुरायला लागला.

परतीच्या एसटीत मालक खिडकीबाहेर बघत बसले. देवाला दोन्ही पसंत नाहीत, याचा अर्थ बाजारात तिसरं येणार असावं, असं म्हणाले.  वैनी म्हणाल्या,

"देव सांगता, सुताराक हाड."

मालक हसले. त्यांना वाटलं बायकोने विनोद केला. मी वैनींच्या शेजारी बसले होते. त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, ह्या पावसात माझो पाय सुटलो तर ह्यांका कोण सांगतला गो.  

तिसरं खरंच आलं. पुढच्या गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले, त्यांच्यातल्या एकाने काळं, आखूड, हलकं ड्रिल आणलं. बॅटरी निघायची, उलटं फिरायचं, सगळं व्हायचं. मालकांकडे नको म्हणायला कारणच उरलं नाही. मला तर वाटतं त्यांना थोडं वाईट वाटलं असेल. चार दिवस त्यांनी ते नुसतं मांडीवर घेऊन बसून काढले. मग गौरी-गणपती गेल्यावर पहिला मान विहिरीला दिला.

चार घरची माणसं बोलावली. ड्रिलला कुंकू लावलं, नारळ फोडला. कठड्यावर चढायला त्यांना दोघांनी आधार दिला. आधी त्यांनी विळ्याने वैनींचं सुंभ कापून खाली टाकलं. मग फणसाच्या लाकडाला ड्रिल लावलं. घुर्रर्र झालं आणि दांडा आत गेला तो लोण्यात सुरी जावी तसा. लोक वा म्हणाले. मालकांचा चेहरा उजळला.

"बघा," म्हणाले, "जोर लावायची आवश्यकताच नाही."

फणसाचा भुसा पिवळा असतो हे आमच्याकडे कोणालाही माहीत असतं, पाट आणि देव्हारे त्याचेच. कठड्यावर पडत होता तो काळा होता आणि ओला, चहाच्या चोथ्यासारखा. मी म्हटलं, मालक, भुसो काळो येता. त्यांनी मान वळवली नाही.

"यंत्राची गती जास्त असली की भुसा जळतो."

जळलेला भुसा ओला कसा असेल? पण ते ऑफिसातल्या मराठीत बोलत होते आणि त्या मराठीत त्यांच्याशी भांडणारा गावात कोणी नव्हता. त्यांनी हूक फिरवून बसवला, कप्पी लावली, एक कळशी ओढून दाखवली. टाळ्या झाल्या. इतके पावसाळे त्या लाकडावर पडले होते. ते आतून कुजून गेलं होतं. वैनींचं सुंभ सगळ्या लाकडाला मिठी मारून होतं म्हणून टिकलं. हूक मधल्या लगद्यात लोंबत होता. ड्रिल येईपर्यंत थांबलो नसतो तर लाकूड बरं होतं, आणि ड्रिल आलंच नसतं तरी सुंभ होतं. हे सगळं मागाहून कळलं.

पुढचे दिवस मालकांनी घराची चाळण केली. खिळा मारू न देणारा माणूस, त्याने माझ्या स्वयंपाकघरात मी नको नको म्हणताना हूक लावले. उलथन्याला वेगळा, झाऱ्याला वेगळा. तसबिरी चढल्या, पण इतक्या उंच की हार घालायला पाटावर पाट ठेवावा लागे. भिंतींना देवी आल्यासारखं दिसत होतं. आमचे हे आता उभे राहून दाढी करत होते, त्यामुळे ते काही बोलेनात.

आणि त्या सकाळी वैनी म्हणाल्या, आज पहिली कळशी मी ओढतंय. खरं तर त्या दिवशी पहिलं पाणी ओढायची पाळी माझी होती. त्यांनी दोरी घेतली, सगळ्या बायका घेतात तसा मनगटाला वेढा घेतला. कळशी वर आली, त्या घ्यायला वाकल्या आणि हूक मूठभर लाकूड घेऊन निघाला.

तर मालकांनी विचारलं, हूक मोडला की सुटला. मी म्हटलं,

"हूक खंयचो इचारतास? बायल भितुर आसा तुमची."

तेव्हा त्यांनी खाली बघितलं. आणि उडी मारली. कठड्यावरून, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हातात ड्रिल तसंच. ते खाली ठेवायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

मालकांना पोहता येत नव्हतं. समुद्राच्या गावात जन्म काढून हा माणूस गुडघ्याच्या वर कधी पाण्यात गेला नव्हता, आणि हे त्यालाही माहीत होतं. भाद्रपदातली तुडुंब विहीर. माझी एकीला काढायची पंचाईत होती, आता आत दोघं झाली. मी त्यांना वरून काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहीत नाही.

पण त्यांनी वैनींना धरलं. कसं ते मला कळलं नाही, त्यांनाही पुढे सांगता आलं नाही. एका हाताने बायकोचे केस, दुसऱ्या हाताची बोटं चिऱ्यांच्या फटीत खुपसलेली, तोंड वर, आणि तोंडाने सारखं म्हणत होते, सोडू नको गो, सोडू नको. वैनी त्यांना धरूनच नव्हत्या, त्या शुद्धीत होत्या की नाही कोण जाणे. मी सासूबाईंचं नऊवारी वाळत होतं ते ओढलं, एक टोक पोफळीला बांधलं, दुसरं खाली सोडलं. त्यांनी ते दातात धरलं, कारण हात मोकळा नव्हता. तेवढ्यात माझं ओरडणं ऐकून शेजारची माणसं आली, दोघे जण आत उतरले. आधी वैनींना वर काढलं. मालक म्हणाले, माका मागसून. तो एकच शब्द त्यांनी त्या दिवशी शहाणपणाचा काढला.

ड्रिल विहिरीच्या तळाला गेलं. ते काढूया का, असं त्यांना कोणीतरी विचारलं. ते म्हणाले, कसलां ड्रिल?

लाकूड नवीन आलं, सुतार आला, गिरमिटाने हूक बसवून जेवायच्या आत गेला. वैनींना कप्पी लागली होती, हात फळीला बांधलेला. खाटेवर बसून त्यांनी सगळं बघितलं.  आठवड्याने एके दिवशी चहा पिताना मालक म्हणाले, विचार करता विहिरीला पंपच बसवणे योग्य, अर्थात बाजारात त्याचे प्रकार बरेच आहेत. वैनींनी कप खाली ठेवला.

"हाडूचो. निवडूचो नाय."

पंप त्याच आठवड्यात आला. पहिल्या दुकानातला पहिला.

आमची पुढे बदली झाली. घर सोडताना मी तसबिरी काढल्या, हूक तिथेच ठेवले. मालक वैनींच्या आधी गेले, पण विहिरीने नाही, दम्याने, आणि त्याला बरीच वर्षं लागली. वैनींचा डावा हात कोपरात वाकडा राहिला. त्या सकाळी त्या विहिरीत दोघं गेली आणि दोघंही जिवंत वर आली.

पहिली कळशी माझी होती. मी अजून आहे.